भाड्याची लेन्स आणि डॅशिंग कार

थीम पार्कला जायचं ठरलं आणि घरात जो तो आपापल्या तयारीला लागला. लेक पोहायचा गॉगल उशाशी घेऊन झोपायला लागली. नवऱ्याने गाडीच्या चाकांतली हवा तपासून आणली. आईने ज्वारीचं पीठ दळून आणायला सांगितलं. आणि मी कॅमेऱ्याचा सगळा संसार पलंगावर मांडून बसले.

उत्साहाच्या बाबतीत माझा हात सैल आहे, हे आधीच सांगून टाकते. कुठे जायचं ठरलं की मला त्या जागेच्या आधी बॅग दिसायला लागते. कोणती लेन्स न्यायची, कोणती घरी ठेवायची, जादा बॅटरी कुठल्या कप्प्यात, पट्टा गळ्यात घालायचा की खांद्यावरून तिरका, या विचारांत मला जे सुख मिळतं ते कधी कधी प्रत्यक्ष सहलीतही मिळत नाही. खराडीच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम. कॅमेरा मात्र माझा स्वतःचा, आणि त्यातल्या चुकाही माझ्या स्वतःच्या.

नवरा दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं बघत होता.

"किती दिवसांचा दौरा आहे?"

"एका दिवसाचा. तुला माहितीये."

"मग हे दुकान कशाला? फोन आहे की."

'फोन आहे की' ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. फोन आहे हे मलाही ठाऊक आहे. घरात सुरी आली म्हणून कोणी विळी भंगारात देत नाही. एरवी मी त्याला यावर अर्धा तास ऐकवलं असतं. पण या वेळी मी भांडले नाही, कारण या वेळी मला खरोखरच काहीतरी हवं होतं आणि ते फोनने मिळणार नव्हतं. मला बाबांचा गाडी चालवतानाचा फोटो हवा होता. एकच, पण नीट.

माझे बाबा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. वाशीमकडच्या रस्त्यांवर त्यांनी उभी हयात काढली. त्या अख्ख्या नोकरीत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा उठला नाही, हे ते स्वतः कधीच सांगत नाहीत. आई सांगते, आणि पाहुणे आले की सांगतेच. लहानपणी मी त्यांच्या गाडीने आजोळी जायचे. केबिनच्या मागे जी जाळी असते तिला नाक लावून मी बाबांकडे बघत उभी राहायचे. घरातले बाबा वेगळे आणि ते बाबा वेगळे, असं मला तेव्हा वाटायचं. घरातले बाबा गरीब होते, कुणीही काही बोललं तर ऐकून घेणारे. स्टीअरिंगमागचे बाबा राजा माणूस.

आणि त्या राजाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. दीक्षाभूमीला जादा गाड्या सुटायच्या, त्यांतली एक हमखास बाबांकडे असायची आणि तिच्यात आमची निम्मी वस्ती बसलेली असायची. तिथे पोचल्यावरचे फोटो आहेत. आईचे आहेत, मावशीचे आहेत, रडतानाचे माझे आहेत. गाडी चालवणाऱ्याचा फोटो काढावा, असं कुणाला सुचलंच नाही.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे स्कूटर होती, माझ्या भावाची जुनी चारचाकी होती, तेव्हा मीही निवांत होते. काढू कधीतरी, म्हणत होते. पण यंदा लायसन्सची मुदत संपली आणि बाबांनी ते नव्याने काढलंच नाही. "लय चालवलं. झालं आता," एवढंच म्हणाले. मग स्कूटर विकली. आम्ही सगळे चाट पडलो. भावाने समजावलं, मी फोनवर भांडले, आई म्हणाली लहर आहे, उतरेल. उतरली नाही. पुढे ते दोघं काही दिवस राहायला म्हणून हडपसरला आमच्याकडे आले. बाबा दिवसभर गॅलरीत बसून खालची वाहनं बघायचे, आणि कुणी विचारलं नाही तर बोलायचेही नाहीत.  हा माणूस आता पुन्हा स्टीअरिंगला हात लावणार नाही आणि आपण कॅमेरा घेऊन नुसते फुलांचे फोटो काढत बसलो, असं वाटायचं.

तशात लेकीच्या वाढदिवसाची सहल ठरली. थीम पार्कच्या वेबसाइटवर पाळणे बघता बघता मला तिथे डॅशिंग कार दिसली. त्या रबरी कडा लावलेल्या छोट्या दोनआसनी गाड्या, एकमेकींवर आदळायच्या. लहान मुलांबरोबर मोठं माणूस बसलंच पाहिजे असा नियमही तिथे लिहिलेला होता. मी खुर्चीतून ताडकन उठले. नातीबरोबर आजोबा बसतील. खोटी का असेना, गाडी असेल, स्टीअरिंग असेल, बाबा ते धरतील. मला आणखी काय हवं होतं?

एकच अडचण होती. कॅमेरा दिसला की बाबांचा पुतळा होतो. आधी हात कॉलरच्या बटणाकडे जातो, मग हनुवटी वर, दोन्ही हात पँटच्या शिवणीला. पासावर लावायचा फोटो काढतायत असा चेहरा. आजवर मी त्यांचे जेवढे फोटो काढले त्या सगळ्यांत ते याच चेहऱ्याने उभे आहेत. म्हणून हा फोटो त्यांना कळू न देता, लांबून काढायचा होता. आणि लांबून काढायचा तर लांबचं जवळ आणणारी मोठी लेन्स हवी. माझ्याकडे होती ती छोटी, हातभर अंतरावरच्या माणसासाठी चांगली.

शनिवार पेठेत एक गृहस्थ कॅमेऱ्याचं सामान भाड्याने देतात. दुकान म्हणजे एक टेबल आणि त्यामागे ते. मी मोठ्या उत्साहाने कोणती लेन्स हवी ते सांगितलं.

"कशासाठी हवीये?"

"थीम पार्कला चाललोय."

त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे पाहिलं. "तिथे वाघ सोडलेत का हल्ली?"

"वडिलांचा फोटो काढायचाय. लांबून."

"का? चावतात?"

मी पुण्यात इतकी वर्षं काढली आहेत, मला आता याचा राग येत नाही. उलट इथे माणूस असा बोलला की काम होणार, हे कळतं. त्यांनी लेन्स पुसून दिली, दमट हवेपासून सांभाळा म्हणाले, पाण्याच्या पाळण्यांजवळ बॅगेची चेन उघडूसुद्धा नका म्हणाले, आणि शेवटी, "फोटो आला तर दाखवायला आणा. नाही आला तर नुसती लेन्स आणा."

घरी येऊन मी ते धूड सगळ्यांना दाखवलं. आईने दोन्ही हातांनी उचलून वजन घेतलं. मी तिला दमट हवेचं सगळं साग्रसंगीत सांगितलं, काचेवर बुरशी कशी चढते, दुकानदाराचा जीव कसा खालीवर होईल, सगळं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. नवऱ्याने तिपाई नेण्यावर बंदी घातली, ती मी मानली. बॅग भरायला लागले तेव्हा बाबा गॅलरीतून आत आले आणि थोडा वेळ बघत उभे राहिले.

"जड सामान असं कडेले नको ठेवू वं," ते म्हणाले. "मधात ठेव. नाईतं एका अंगाले वढते." आणि त्यांनी स्वतः लेन्स उचलून मधल्या कप्प्यात ठेवली. ती कशासाठी चालली आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. लेक गाणी म्हणत होती, आई तिच्या गाण्यावर टाळ्या देत होती. बाबा मागच्या सीटवर खिडकीशी बसले होते आणि घाटात नवऱ्याने ब्रेक दाबण्याच्या आधी त्यांचा पाय दाबला जात होता, हे मागे वळलं की मला दिसत होतं. मी मांडीवर बॅग घेऊन बसले होते. माझंच पोर असावं तशी.

गेटवर मोठी रांग होती. पलीकडून किंकाळ्या ऐकू येत होत्या, वर आकाशात एक लाल पाळणा माणसांना उलटं टांगून थांबला होता, आणि लेक माझा हात इतका ओढत होती की खांदा निखळायचा बाकी होता. माझ्या अंगातही तेच भरलं होतं. तपासणीच्या टेबलावर मी मोठ्या तोऱ्यात बॅग ठेवली. गार्डने चेन उघडली. कॅमेरा पाहिला, मान हलवली. मग मधल्या कप्प्यावर हात ठेवला आणि थांबला. वाकून वास घेतला.

"मॅडम, ही कुठल्या कंपनीची लेन्स?"

"का?"

"लसणाचा वास येतोय."

त्याने कप्पा उघडला. आत फडक्यात गुंडाळलेली धपाट्यांची चळत होती. बाजूला ठेच्याची छोटी डबी, आणि जादा बॅटरीच्या खणात कांदा.

मी आईकडे वळले. आई पाळण्याकडे बघत होती.

"आई, माझी लेन्स कुठाय?"

"घरी हाये. कुठी जाते?"

"घरी कुठे?"

"तांदळाच्या डब्यात."

 मग सगळं बाहेर आलं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, असं जावयाने तिला सांगितलं होतं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिने मार्ग काढला होता. कॅमेऱ्याच्या बॅगेत कोण कशाला बघतंय? "अन् लेन्स म्या नीटच ठेवली," ती म्हणाली. "दमट हवा सोसत नाई म्हणत होती ना तू? तुहा फोन पान्यात पडला तवा तूच ठेवला होता तांदळात. चांगली खोल खुपसली. काई होत नाई तिले."

वजनातही मला फरक कळला नव्हता. आईच्या हातच्या धपाट्यांना कमी लेखू नये.

"यायले शुगर हाये, साहेब," आई आता बाबांकडे हात करून गार्डला सांगत होती. "येळेवर घरचं खाल्लं नाई तं चक्कर येते." ते खोटं नव्हतं. गार्डने मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. आजारी आणि वयस्कर माणसांचं घरचं जेवण आत चालतं, असं तिथे मराठीत स्वच्छ लिहिलेलं होतं. "मग लपवलंत कशाला, मावशी? हातात घेऊन यायचं ना."

नवरा मागे वळून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. तो रडत नव्हता. मी आईवर ओरडले, मग नवऱ्यावर ओरडले, आणि बाबांवर ओरडायला काही कारण नव्हतं म्हणून गप्प बसले. बाबा मात्र अस्वस्थ झाले. "लय महागाची होती काय? माघारी जाऊन आनू काय?" असं दोनदा विचारलं. त्यांना काय सांगणार? तुमच्यासाठीच आणली होती, म्हणून?

पण थीम पार्कात माणूस फार वेळ चिडून राहू शकत नाही. निदान मी तरी नाही. लेकीने मला त्या लाल पाळण्याकडे ओढून नेलं. बॅग आईच्या मांडीवर टाकली, आणि दोन मिनिटांत माझे पाय वर आणि डोकं खाली होतं. माझा राग बहुधा तिथेच खिशातून खाली पडला. मग नौका झाली, मग अंधारातली आगगाडी, मग पुन्हा नौका. प्रत्येक पाळण्याला बॅग आईकडे आणि उतरल्यावर बॅग माझ्याकडे, असं चाललं होतं. आई बाकावर बॅगेभोवती दोन्ही हात गुंफून बसायची, कुणी जवळून गेलं की त्याच्याकडे बघून डोळे वटारायची. दुपारी आम्ही झाडाखाली धपाटे खाल्ले. शेजारच्या कुटुंबाने वास घेऊन आमच्याकडे पाहिलं आणि आईने त्यांनाही एकेक दिला. धपाटे उत्तम झाले होते. हे मी तिला सांगितलं नाही.

आणि मग आम्ही डॅशिंग कारपाशी आलो.

 मोठी लेन्स नाही तर नाही, छोटीवर निभावून न्यायचं. कठड्याला अगदी चिकटून उभं राहायचं, गाडी जवळून गेली की टिपायचं. लेकीला मी पढवूनच ठेवलं होतं. "आजोबा, मला एकटीला बसू देत नाहीत, तुम्ही चला ना," असं ती इतकं गोड म्हणाली की बाबा लगेच उठले. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी सीटवर सरकून नीट बैठक घेतली. मग वर, जिथे आरसा असायला हवा तिथे पाहिलं. आरसा नव्हता. स्टीअरिंग डावीकडे, उजवीकडे फिरवून किती ढिलं आहे ते बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते मी दाबलं. पाणी आलं की फोकस जातो.

भोंगा वाजला आणि सगळ्या गाड्या एकमेकींवर तुटून पडल्या. एक सोडून. बाबा कडेकडेने, संथपणे, आपल्या बाजूने चालले होते. कुणी समोर आलं की थांबत होते, त्याला जाऊ देत होते. वळायचं असलं की उजवा हात बाहेर काढून इशारा करत होते. कॉलेजातली पोरं हसून लोळायची बाकी होती.

"आजोबा, धडका ना!" लेक ओरडत होती. "कुणालातरी धडका ना!"

"कायले धडका? गाडी काय धडकाले असते?"

"काका, टक्कर मारा टक्कर!" गाड्या चालू-बंद करणारा माणूसही ओरडला. "त्याचेच पैसे आहेत!"

बाबांनी त्यालाही हात दाखवून पुढे जाऊ दिलं, तो तर नुसता उभा होता. मी हसत होते आणि बटण दाबत होते. पण छोट्या लेन्समध्ये बाबा कुठे गर्दीत, कुठे खांबामागे. मी कठड्यावर ओणवी झाले. गाडी वळून माझ्या दिशेने आली, आणि बाबांना मी दिसले. गळ्यात कॅमेरा. झालं. त्यांचा हात स्टीअरिंगवरून निघाला आणि कॉलरच्या बटणाकडे गेला. त्याच क्षणी डावीकडून एका पोराची निळी गाडी आली आणि त्यांच्यावर दणकन आदळली.

लेक आनंदाने किंचाळली. बाबांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. पुढचा सगळा वेळ ते "लागलं काय बाई? लागलं काय?" एवढंच नातीला विचारत राहिले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "कुठून आला तो? मले दिसलाच नाई." मी म्हटलं, तुम्ही माझ्याकडे बघत होतात ना बाबा, म्हणून. 

लेकीला आता खरं धडकायचं होतं. आजोबा कामाचे नाहीत, असा निर्णय देऊन ती बापाला ओढून रांगेत घेऊन गेली. बाबा हात मागे बांधून गाड्यांकडे बघत उभे होते.  मग म्हणाले, "चाल."

"कुठे?"

"अजून एक चक्कर मारतो म्हनतो. तू बस माह्याजवळ."

मला पंख फुटले. शेजारी! हातभर अंतरावर! छोटी लेन्स नेमकी याच कामाची, मोठीचा इथे काही उपयोग नव्हता. ती तांदळात आहे याचा मला दिवसभरात पहिल्यांदा आनंद झाला. आत शिरताना गाड्या चालू-बंद करणाऱ्याने "कॅमेरा सांभाळा, पडला तर आम्ही बघणार नाही," असं बजावलं. मी पट्टा गळ्यात दुहेरी केला आणि बाबांच्या डावीकडे बसले. कॅमेरा डोळ्याला लावला.

"बाबा, तुम्ही माझ्याकडे बघू नका हं."

"पायत नाई. तू आयक." ते समोर बघतच बोलत होते. "डावीकडून कोनी आलं तं मले सांगत राय. डावीकडलं मले दिसत नाई."

"कमी दिसतं?"

"दिसतच नाई. काळं हाये सारं. उजवीकडलंबी थोडं गेलं. वाशीमच्या डॉक्टरनं सांगतलं, गेलं ते येत नाई, आता उरलं ते सांभाळा. ते थेंब त्याचेच हायेत."

थेंब आम्हाला माहीत होते. धुळीने डोळे चुरचुरतात म्हणून टाकतो, असं त्यांनी आईला सांगितलं होतं.

"आईला माहिती आहे?"

"नाई सांगतलं. कायले तिच्या जिवाले घोर."

"मग मला का सांगताय?"

बाबांना हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. "तू गाडीत बसली हायेस माह्या बाजूले," ते म्हणाले. "बाजूच्या मानसाले सांगाच लागते."

भोंगा वाजला.

लायसन्स, स्कूटर, गॅलरी, सगळं माझ्या डोक्यात एकदम उलगडलं, पण रडायला तिथे फुरसत नव्हती. गाड्या सुटल्या होत्या. कॅमेरा माझ्या डोळ्याला होता आणि त्यात बाबा होते. खालचा ओठ दातांत धरलेला, डोळे बारीक केलेले, दोन्ही हात स्टीअरिंगवर. जाळीतून दिसायचे ते बाबा. अगदी तेच. मला जो फोटो हवा होता तो तसाच्या तसा माझ्या समोर होता. बटण अर्धं दाबलं गेलं होतं.

आणि मला कळलं की कॅमेरा डोळ्याला असताना मलाही डावीकडचं काही दिसत नाहीये.

मी कॅमेरा खाली मांडीवर टाकला आणि मान वळवली. नवरा आणि लेक आमच्यावरच चालून येत होते, ती सीटवर उभी राहायच्या बेतात.

"बाबा, डावीकडून! लाल!"

बाबांनी स्टीअरिंग फिरवलं. लाल गाडी आम्हाला न लागता मागून निघून गेली आणि खांबावर जाऊन आपटली.

"निळी येतेय! लांब आहे... आली, आली!"

"येऊ दे."

"थांबा! आता चला! चला!"

मी घसा फाडून ओरडत होते. बाबा वेग वाढवत चालले होते. आता ते कडेने जात नव्हते, मधून जात होते, दोन गाड्यांच्या फटीतून, तिघांच्या घेऱ्यातून, आणि कुणी म्हणून कुणी आम्हाला शिवत नव्हतं. पोरांच्या ते लक्षात आलं. मग सगळेच आमच्या मागे लागले. बाबा हसायला लागले. मोठ्याने, तोंड उघडून. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं ते मला आठवेना. पुन्हा भोंगा वाजून गाड्या थांबल्या तोवर आमच्या गाडीला एक टक्कर लागली नव्हती.

"तुम्ही दोघांनी खेळाची वाट लावलीत," नवरा पलीकडून ओरडला.

कठड्याशी आई उभी होती. "निंगाला काय फोटो?" तिने विचारलं.

"नाही."

"कावून?" हे बाबांनी विचारलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"डावीकडे बघायचं होतं ना," मी म्हटलं.

बाबा गाडीतून उतरले नाहीत. क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग कठड्याकडे मान वळवली. "आयकतं काय वं," त्यांनी आईला हाक मारली. "ते झोळी दे तिच्यापाशी. तू बसतं काय माह्या बाजूले?"

गाडीत आई आयुष्यात कधी त्यांच्या शेजारी बसली नव्हती. लाल गाडीत ती मागे बायकांच्या सीटवर असायची, भावाच्या चारचाकीतही मागेच. ती आधी लाजली, मग नको म्हणाली, मग चपला काढाव्या लागतात का ते विचारलं. मी तिला हाताला धरून आत बसवलं, बॅग घेतली आणि बाहेर कठड्याशी येऊन उभी राहिले.

तिथून मला काही ऐकू येत नव्हतं. बाबांचे ओठ हलताना दिसले. समोर बघूनच बोलत होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही रडणार, आता उतरणार. आईने पदर डोळ्यांना लावला नाही. तो पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचला, एका हाताने गाडीची कड पकडली आणि तोंड डावीकडे वळवलं.

भोंगा वाजला आणि सगळ्या गोंगाटावर आईचा आवाज ऐकू आला. "पिवळी आली! अहो, पिवळी आली!" बाबांनी गाडी काढली. मी कॅमेरा उचलला. समोरचं सगळं धूसर दिसत होतं. मी आधी डोळे पुसले आणि मग बटण दाबलं.